व्हिलेज व्हॅनगार्ड : तळघरातली एक बैठक

न्यू जर्सीतल्या जर्नल स्क्वेअरहून 'पाथ' नावाची जी गाडी हडसन नदीच्या खालून मॅनहॅटनमध्ये जाते, तिने ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरले की व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझचा क्लब चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. न्यूयॉर्कला येणारी मराठी मंडळी स्वातंत्र्यदेवता, टाइम्स स्क्वेअर आणि जमलेच तर ब्रॉडवेवरचे एखादे नाटक पाहून परततात. ग्रीनिच व्हिलेजच्या या भागात त्यांचे सहसा काही काम निघत नाही. माझे निघाले, कारण भाच्याकडे राहायला जायचे ठरले तेव्हाच मी त्याला सांगून ठेवले होते की बाकी काय दाखवायचे ते सवडीने दाखव, पण व्हॅनगार्डची तिकिटे आधी काढ. त्याने गुरुवारच्या आठच्या सेटची, म्हणजे वादनाच्या सत्राची, दोन तिकिटे काढली आणि वर अट घातली : "मामा, मला यातलं काही कळत नाही. झोप लागली तर उठवू नकोस."

सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरचे १७८ क्रमांकाचे ते दार सहज चुकावे इतके साधे आहे. वर लाल छत, आत उतरणारा अरुंद जिना आणि त्याच्या पंधरा पायऱ्या संपल्या की एकदम ती खोली. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये इथे हा क्लब आणला. सुरुवातीची वीस-बावीस वर्षे कविता, लोकसंगीत, विनोदी कार्यक्रम असे सगळेच चाले. १९५७ पासून मात्र जॅझने जागा जवळजवळ पूर्णपणे व्यापली. १९८९ मध्ये गॉर्डन गेल्यावर त्यांच्या पत्नी लोरेन यांनी आणि २०१८ मध्ये त्या गेल्यानंतर मुलीने कारभार सांभाळला. खोलीचा आकार पाचरीसारखा आहे : दाराकडे रुंद, मंचाकडे निमुळता. जेमतेम १२३ माणसे मावतात. खायला काही मिळत नाही, एक पेय मात्र घ्यावेच लागते आणि वादन सुरू असताना फोन बाहेर काढलेला चालत नाही. वादकांना तयारीसाठी वेगळी खोली नाही. पूर्वी कधीतरी जे स्वयंपाकघर होते तिथेच ते बसतात आणि मंचावर येताना श्रोत्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढतात.

भिंतींवर वादकांच्या तसबिरी आहेत. माझ्या पिढीच्या मुंबईकराला त्या भिंतीपाशी टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आठवल्याशिवाय राहत नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रॉलिन्स यांनी याच मंचावर पियानोला फाटा देऊन, केवळ बास हे खर्जाचे तंतुवाद्य आणि ड्रम्स सोबत घेऊन जे वाजवले त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते अक्षरशः घोकले. हाच माणूस १९६० च्या दशकाच्या अखेरीस वाजवणे बाजूला ठेवून पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि पुढे १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली जॅझ ऐकलेल्या माणसांना व्हॅनगार्ड म्हणजे कुठले तरी परके ठिकाण वाटत नाही, ते यामुळे.

या खोलीतल्या श्रोत्यांविषयी मला आधीपासूनच कुतूहल होते, आणि त्याला कारण दुसरे एक ध्वनिमुद्रण. २५ जून १९६१ रोजी पियानोवादक बिल एव्हन्स, बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशियन या त्रिकुटाने इथे दिवसभरात पाच सेट वाजवले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेले, वय पंचवीस. ते ध्वनिमुद्रण नीट कान देऊन ऐकले की वादनामागे ग्लास किणकिणताना ऐकू येतात, लोक गप्पा मारत असतात, मध्येच कुणीतरी हसते आणि एखादी रचना संपली की तुरळक टाळ्या पडतात. आज ज्या वादनाचा एकेक स्वर लोक अभ्यासतात, ते प्रत्यक्ष घडत असताना समोरची काही मंडळी निवांत बोलत होती. मला त्यांचा राग येत नाही. ते जॅझ ऐकण्याच्या रिवाजात बसणारेच होते. क्लब ही संध्याकाळ घालवण्याची जागा होती. आता मात्र उलटे झाले आहे. सेट सुरू होण्यापूर्वी शांतता पाळण्याची विनंती होते आणि लोक ती इतक्या कसोशीने पाळतात की पहिल्या काही मिनिटांत देवळात आल्यासारखे अवघडायला होते. बासचा प्रत्येक स्वर कानी पडतो हा त्यातला फायदा आहे आणि तो लहान नाही.

त्या रात्री टेनर सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स अशी चौकडी होती. दोन त्यांच्या स्वतःच्या रचना झाल्या, चांगल्या झाल्या, त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही. तिसऱ्या वेळी कुणी काहीच जाहीर केले नाही. सॅक्सोफोनवादकाने एकट्यानेच, साथीशिवाय, लयीचे बंधन न ठेवता वाजवायला सुरुवात केली. सूर ओळखीचे वाटत होते, पण नाव सापडत नव्हते, कारण तो गाण्याच्या मुखड्याला हात न लावता मधल्या भागातच घोटाळत होता. मग पियानो आणि बास यांनी खालच्या पट्टीत एकमेकांना लागून असलेल्या दोन कॉर्ड्समध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोन जुडग्यांमध्ये, झुलणारी ती सुप्रसिद्ध सुरावट सुरू केली, जी १९४५ साली डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या ध्वनिमुद्रणात वाजली आणि तेव्हापासून या गाण्याला कायमची चिकटली. त्या क्षणी खोलीभर एक दबका हुंकार उमटला. 'ऑल द थिंग्ज यू आर' होते ते.

हे गाणे जेरोम कर्न यांनी १९३९ मध्ये एका संगीतिकेसाठी रचले, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. संगीतिका ब्रॉडवेवर ५९ प्रयोगांत बंद पडली. चाल सामान्य श्रोत्याला झेपणार नाही अशी शंका खुद्द कर्न यांनाच होती म्हणतात. पण संगीतिका विस्मरणात गेली आणि गाणे जॅझच्या वादकांनी उचलले ते आजतागायत सोडलेले नाही. ते का, हे आपल्याकडच्या श्रोत्याला सांगायचे तर षड्जाकडे वळावे लागेल. आपल्या मैफलीत तानपुरा एकदा जुळला की षड्ज हलत नाही. सगळा प्रवास त्या स्थिर सुराच्या भोवती होतो. इथे षड्जच चालता असतो. गाणे ३६ बारचे, म्हणजे चार मात्रांच्या ३६ खंडांचे, आणि एवढ्या अवकाशात ते ए-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट, जी आणि ई अशा पाच पट्ट्यांत मुक्काम करून येते. चाल मात्र अशी सोपी की ऐकणाऱ्याला या स्थलांतराचा धक्का जाणवत नाही. सर्वांत नाजूक जागा मधला भाग संपतानाची. तिथे चाल जी-शार्प या सुरावर येऊन थांबते. खाली ई मेजरची कॉर्ड असते, तिचा हा शुद्ध गंधार. सूर तसाच लांबत राहतो, खालची कॉर्ड बदलते, पुन्हा बदलते, आणि मुखडा परत सुरू होतो तेव्हा तोच सूर ए-फ्लॅट होऊन एफ मायनरचा कोमल गंधार झालेला असतो. सुराची जागा तसूभरही सरकलेली नसते, सरकलेले असते ते त्याच्या पायाखालचे सगळे.

वादकांनी चाल एकदा सरळ वाजवली, आणि त्यानंतर अगदी शेवटापर्यंत ती पुन्हा कुणीच वाजवली नाही. नवख्या श्रोत्याची अडचण होते ती इथेच. माझ्या भाच्याने माझ्या कानाशी येऊन विचारलेही, "मामा, गाणं संपलं का? मग आता काय वाजवतायत?" गाणे चालूच होते. ३६ बारचा तो आराखडा एकामागून एक आवर्तनांत फिरत होता. अशा एका आवर्तनाला तिथे कोरस म्हणतात. सॅक्सोफोन त्या आराखड्यावर नवी चाल बांधत होता आणि मूळ चाल वाजत नसूनही ज्यांना ती पाठ होती त्यांच्या मनात समांतर चालू होती. स्टँडर्ड, म्हणजे सगळ्या वादकांनी वाजवून रुळलेले असे जुने गाणे, ऐकण्याची सगळी गंमत या दोन चालींमधल्या अंतरात आहे. वादक मूळ सुराच्या अगदी जवळ येऊन ऐनवेळी वळण घेतो, किंवा मूळ चालीत जिथे लांब थांबा आहे तिथेच तो सुरांची गर्दी करतो, आणि हे ज्याला कळते तो हसतो. न वाजवलेल्या सुरांना दाद जाते ती अशी.

आमच्याच टेबलाशी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांच्यासमोरच्या ग्लासला त्यांनी फारसे तोंड लावलेले नव्हते. डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि प्रत्येक आठ बारचा टप्पा पुरा झाला की त्या हाताचे एक बोट किंचित उचलले जाऊन पुन्हा टेकायचे. शेवटचा भाग इतरांसारखा आठचा नाही, बाराचा आहे. तिथे ते बोट चार बार उशिरा उचलले जायचे, आणि एकदाही चुकले नाही. मी काही काळ मंचाऐवजी त्यांच्या बोटाकडेच पाहत होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

बासचा सोलो, म्हणजे त्याची पुढे येऊन वाजवण्याची पाळी, हा क्लबमधल्या श्रोत्यांचा हक्काचा गप्पांचा वेळ समजला जातो. इथे तो अपवाद ठरला. ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले, पियानोवादकाने हात जवळजवळ आवरते घेतले. बासवादक वेगाच्या मागे लागला नाही. एका कोरसमध्ये मधला भाग संपत आला तेव्हा तो वरच्या सप्तकातल्या त्या जी-शार्पवर येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. बासचा सूर फार वेळ टिकत नाही, तो विरू लागला तसा त्याने पुन्हा छेडला. पियानोने खाली एकच कॉर्ड ठेवली, मग दुसरी. सूर तोच, पण त्याचा रंग समोरासमोर पालटला. शेजारचे गृहस्थ "येस" असे पुटपुटले, मागच्या टेबलावरून आणखी एक आवाज आला, आणि भाच्याने चमकून माझ्याकडे पाहिले. त्याला कारण सांगता आले नसते. पण काहीतरी घडले एवढे त्याला नक्की कळले होते.

टाळ्यांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. प्रत्येक सोलो संपला की टाळ्या वाजवायच्या, हा तिथला शिष्टाचार. सोलो सामान्य झालेला असला तरी टाळ्या पडतात, आणि त्या पडतात नेमक्या पुढचा वादक पहिले चार बार वाजवत असतो तेव्हा. आपल्याकडे समेवर आल्यावर 'वाह' म्हणून श्रोता मोकळा होतो, दाद घडीभरात उमटून जाते आणि गायक तिच्यावरच पुढची जागा उभी करतो. इथली टाळी उशिरा येते आणि लांबते. सॅक्सोफोननंतर पियानोवादकाने यावर छान तोड काढली : त्याने पहिले चार बार काहीच वाजवले नाही. टाळ्या ओसरेपर्यंत बास आणि ड्रम्स चालू राहिले, आणि मग सॅक्सोफोनने जिथे वाक्य सोडले होते तिथूनच, त्याच्याच अखेरच्या चार-पाच सुरांपासून त्याने आपला सोलो सुरू केला. अशा युक्त्या अनुभवातून येतात.

शेवटी सॅक्सोफोन आणि ड्रम्स यांच्यात चार-चार बारची देवाणघेवाण झाली. आपल्या सवाल-जवाबाशी हिचे साम्य असले तरी इथे ड्रमरने प्रश्नाची नक्कल करायची नसते. त्याच्या वाट्याच्या चार बारमध्ये बाकीचे तिघे पूर्ण थांबतात. कॉर्ड नाही, चाल नाही, आणि आराखड्यात आपण कुठे आहोत हे श्रोत्याला स्वतःच्या हिमतीवर धरून ठेवावे लागते. ड्रमर मुद्दाम समेला बगल देत होता. सॅक्सोफोन मात्र प्रत्येक वेळी नेमक्या जागी, अगदी सहज शिरत होता, आणि तो शिरला की अर्ध्या खोलीच्या माना एकदम हलत होत्या. चौथ्या-पाचव्या फेरीला भाच्याची मानही त्यांच्याबरोबर हलली. मूळ चाल परत आली ती फक्त शेवटच्या बारा बारपुरती.

सेट संपल्यावर त्या गृहस्थांशी दोन शब्द बोललो. विद्यार्थिदशेपासून ते इथे येतात. हे गाणे आजवर किती जणांकडून ऐकले असेल असे मी विचारल्यावर त्यांनी तो प्रश्न उडवून लावला आणि म्हणाले की गाणे माहीत नसते तरी आजचे वादन आवडलेच असते, फक्त हा सॅक्सोफोनवाला मुलगा काय काय टाळतो आहे ते कळले नसते. मग त्यांनीच मला विचारले, तुम्ही गुरुवारी का आलात?

त्या प्रश्नामागचे गणित त्यांनी समजावून दिले. व्हॅनगार्डमध्ये सोमवार १९६६ पासून तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाचा. मंगळवार ते रविवार सहा रात्री एकच चमू वाजवतो. मंगळवारी वादक एकमेकांचा अंदाज घेत असतात, गुरुवारपर्यंत हात बसतो, आणि रविवारी गमावण्यासारखे काही उरलेले नसल्याने ते हवा तो धोका पत्करतात. मी जिन्याच्या पायऱ्या चढता चढता तारखा मनात ताडून पाहिल्या. रॉलिन्स यांचा ३ नोव्हेंबर १९५७ हा रविवार होता. एव्हन्स यांचा २५ जून १९६१ हाही रविवारच. पुढच्या खेपेला रविवारचे तिकीट काढायचे, तेही दहाच्या सेटचे, असे मी फुटपाथवर आल्याबरोबर जाहीर केले. सोमवारी सकाळी आपल्याला ऑफिस असते, अशी कुरकुर भाच्याने केली. पण तिकिटे एकच काढायची की दोन, हे मी विचारल्यावर तो दोन म्हणाला.