'एमा' ऐकताना

शुक्रवार, रात्री उशिरा

जेन ऑस्टेनची 'एमा' आज ऑडिओबुकवर ऐकून संपली. 1815 सालची कादंबरी, आधी वाचलेली, शेवट ठाऊक. तरी पंचेचाळिसाव्या प्रकरणातला एक तुकडा मी मागे नेऊन पुन्हा ऐकला. एमाचा जुना स्नेही नाइटली लंडनला निघालाय. एमाचा हात हातात घेतो, आता ओठांना लावणार असं वाटतं आणि एकदम सोडून देतो. का सोडला, ते ऑस्टेन सांगत नाही. कागदावर ही जेमतेम एक ओळ. पण अभिवाचन करणाऱ्या बाई हात सुटण्याआधी श्वासभर थांबतात, आणि माझाही जीव तिथेच अडकला.

मैत्रीतून हळूहळू उमलणारं प्रेम मला आवडतं ते अशा जागांसाठी. एमा एकविशीच्या आतली, तो सदतीस-अडतीसचा, तिच्या बहिणीचा दीर. लहानपणापासून तिला पाहत आलेला, आणि तिच्या चुका तोंडावर सांगणारा जवळजवळ एकटाच. नाचाच्या रात्री ती म्हणते, आपण काही खरे बहीणभाऊ नाही. तो म्हणतो, छे, मुळीच नाही! हे 'मुळीच नाही' वाचायला फार अवघड. जास्त जिव्हाळा ओतला तर गुपित फुटतं, कोरडं म्हटलं तर वाक्य वाया जातं. बाईंनी ते किंचित घाईने म्हटलंय. एमाच्या लक्षात येत नाही, आपल्या येतं.

आपलं नाइटलीवर प्रेम आहे हे एमाला कळायला सत्तेचाळिसावं प्रकरण उजाडतं, तेही तिच्या मैत्रिणीने, हॅरिएटने, त्याच्यावरचं प्रेम कबूल केल्यावर. तोवर निवेदनातही एमाचाच ठाम, थोडा मिजासखोर सूर असतो, कारण ऑस्टेनची वाक्यं निवेदकाची असली तरी विचार एमाचे असतात. त्या प्रकरणानंतर तोच आवाज जरा चाचपडत चालतो. हे बाईंनी इतकं अलगद केलंय!

मिस बेट्स या शेजारणीची लांबलचक बडबडसुद्धा मी वेग न वाढवता ऐकली. इतरांची गुपितं तिच्याच बोलण्यात सांडलेली असतात.

आणि नाइटलीने मागणी घातल्यावर एमा काय म्हणाली, ते ऑस्टेन देतच नाही. जे म्हणायला हवं तेच म्हणाली, एवढ्यावर सोडते. बाई ते वाक्य सरळ, प्रसन्न आवाजात म्हणतात आणि पुढे जातात. तिथे कुणी गळा दाटून आणला असता, तर मला सहन झालं नसतं.