डॉबचा लॉग: पहिल्यांदा बघणाऱ्याला कुठला आयपीस लावून द्यायचा

गुरू ग्रह रात्री वर आला की आयपीसचा (दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगाचा) प्रश्न एकदाचा सोडवायचा असं ठरवलं होतं, तो या जानेवारीत बऱ्यापैकी सुटलाय. स्कोप तोच, ६ इंची आरशाचा एफ/८ डॉब (हाताने ढकलून फिरवायची डॉब्सोनियन दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० एमएम (हिला आयपीसच्या एमएमने भागलं की किती पट मोठं दिसतं ते कळतं), गच्ची पुण्यातली. अडचण अशी होती की मला सगळं दिसायचं आणि पाहुण्यांना दिसायचं नाही, पण ते तसं सांगायचे पण नाहीत. सोबत आलेल्या १० एमएम प्लोसलला (साध्या प्रकारचा आयपीस) डोळा लावून माणसं "हो हो, छान" म्हणून बाजूला व्हायची आणि गुरूच्या शेजारी ठिपक्यांसारखे किती चंद्र होते विचारलं की गप्प. म्हणून आता मी "दिसलं का" विचारतच नाही, "डावीकडे किती ठिपके, उजवीकडे किती" एवढंच विचारतो, आकडा बरोबर आला तरच दिसलं असं धरतो.

प्लोसलचा आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसायला डोळा काचेपासून जेवढ्या अंतरावर ठेवावा लागतो ते) साधारण फोकल लेंग्थच्या ७० टक्के, म्हणजे १० एमएमला जेमतेम ७ एमएम आणि ६ एमएमला ४. डोळा जवळजवळ काचेला टेकवावा लागतो, चष्मा असेल तर विषयच संपला. शिवाय पापण्या काचेला घासतात, आमच्या संक्रांतीच्या रात्री तर सगळं काजळ लेन्सवर आलं होतं आणि पुढच्या चार जणांना नुसता धुरकट गुरू दिसला, ते मला नंतर टॉर्च मारल्यावर कळलं, फार वाईट वाटलं. (काजळ कोरडं पुसायचं नाही, आधी ब्लोअर, मग लेन्स टिश्यूवर थोडं आयसोप्रोपिल.)

आता १२ एमएमचा बीएसटी स्टारगायडर आयपीस घेतलाय, ६० अंश फील्ड (दिसणाऱ्या गोलाची रुंदी), आय रिलीफ १६ एमएम. १०० पट मॅग्निफिकेशन होतं आणि एक्झिट प्युपिल (आयपीसमधून बाहेर येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची रुंदी) १.५ एमएम. ६ एमएमला तोच पाऊण एमएम होतो, एवढ्याशा उजेडाच्या ठिपक्यावर नवीन माणसाने अंधारात बुबुळ नेऊन ठेवायचं म्हणजे अवघडच. ड्रिफ्टचा (पृथ्वी फिरते म्हणून ग्रह आयपीसमधून सरकत जातो त्याचा) फरक तर मला सगळ्यात मोठा वाटला, ६ एमएम प्लोसलमध्ये गुरू साधारण मिनिटभरात या टोकाकडून त्या टोकाला जाऊन बाहेर पडतो, १२ मध्ये अडीच मिनिटं मिळतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याची पहिली ३०-४० सेकंद तर डोळा कुठे ठेवायचा यातच जातात. "१०० पट कमी नाही का" असं बरेच जण विचारतात, पण या जानेवारीत गुरूची आकाशातली रुंदी ४६ आर्कसेकंदाच्या (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास होती, म्हणजे १०० पटीला तो साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या अडीच पट दिसतो, त्याच्यावरचे ढगांचे दोन पट्टे आरामात ओळखू येतात.

पण पहिल्या रात्री एक गोष्ट उलटी झाली. चष्मेवाल्या काकूंनी पहिल्याच झटक्यात "एकीकडे तीन, एकीकडे एक" असं बरोबर सांगितलं, आणि खालच्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाला मात्र काहीच दिसेना, म्हणे काळं काळं येतंय. तो डोळा पार काचेत घालत होता, आय रिलीफ लांब असला की जास्त जवळ गेल्यावर घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली फिरते. आयकप (आयपीसच्या तोंडाची वर-खाली होणारी कड) फिरवून वर काढला, भुवई टेकवायला जागा मिळाली आणि चारही चंद्र मोजले पठ्ठ्याने! तेव्हापासून चष्मा असेल तर कप खाली, नसेल तर वर, प्रत्येक माणसाला मी स्वतः फिरवून देतो. फिरणारा आयकप नसलेला लांब आय रिलीफचा आयपीस नवख्यांसाठी मी तरी घेणार नाही. (लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवता येतो, मोठा सिलेंडर नंबर असेल तर चष्मा ठेवावा, पण रांगेत दहा माणसं असताना दर वेळी फोकस फिरवणं होत नाही.)

लगेच पैसे घालायचे नसतील तर २५ एमएम प्लोसलला २ एक्स बार्लो (मॅग्निफिकेशन दुप्पट करणारं जोडभिंग) लावून बघा, ९६ पट होतं आणि आय रिलीफ २५ एमएम प्लोसलचा जेवढा तेवढाच राहतो, उलट किंचित वाढतो. मी डिसेंबरभर तेच वापरलं, आईला त्यातूनच पट्टे दिसले.

बाकी आयपीसएवढंच बसण्याचं महत्त्व आहे. जानेवारीत नऊच्या सुमाराला गुरू पूर्वेला असतो, आयपीस खाली असतो, खुर्चीत बसून बघता येतं. मध्यरात्री तो जवळपास डोक्यावर जातो, तिथे डॉब ढकलणं पण जिवावर येतं आणि लहान मुलांना स्टूल लागतं, म्हणून पाहुण्यांना लवकर बोलावतो. हात मांडीवर ठेवायचे, नळीला धरायचं नाही, आणि एक डोळा मिटता येत नसेल तर तळव्याने झाकायचा.

पुढच्या वेळी मित्राचा ८-२४ झूम (८ ते २४ एमएम फिरवून बदलता येणारा आयपीस) याच लोकांवर ट्राय करणार आहे, २४ एमएमला त्याचं फील्ड ४० अंशांवर येतं, तेव्हा ग्रह शोधायला त्रास होतो का ते बघायचंय. कोणी चष्मेवाल्यांना झूम दिला असेल तर आयकपचं काय केलंत ते सांगा.