९३१ जीबीचा हिशेब
आज बेळगावच्या खडेबाजारातून एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणली. कॉम्प्युटरला लावली, दिसले ९३१ जीबी. खानापूरचे मामा लगेच, "बाकीचे दुकानदारानं खाल्ले काय की!"

कुणी खाल्लं नाही ओ. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, म्हणजे १ वर १२ शून्यं एवढे बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा लहान दिसतो. घोळ मिटवायला १९९८ साली टेबिबाइट हे १०२४ च्या पटीचं वेगळं माप काढलं, पण बाजारात मागून बघा!

माहितीपत्रकात हिब्रूही होती. मजकूर उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र आपल्यासारखेच. कन्नड, मराठी, इंग्रजी पाट्यांत वाढलेल्या माणसाला चालतंय सगळं.

भजनी मंडळाच्या ७०० एमबीच्या सीड्या तेराशेवर मावतील. मंडळाकडं तेवढी भजनं पण नसतील.