डिझेलची सवलत: नाव शेतकऱ्याचे, टाकी मोटारीची

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैसे झाले, तेव्हा डिझेल ४० रुपये ९१ पैशांना मिळत होते. बत्तीस रुपयांची ही तफावत बाजारातून आलेली नव्हती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र सरकारने धरून ठेवले, आणि त्यासाठी शेतकरी, मालवाहतूक व महागाई ही तीन कारणे दिली जात होती. ती खोटी नव्हती. डिझेल महागले की ट्रकचे भाडे वाढते आणि भाडे वाढले की भाजी महागते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु पंपावरच्या नळीला समोरची टाकी कोणाची आहे हे कळत नाही. ट्रॅक्टरसाठी कॅन भरून नेणारा शेतकरी आणि त्याच्या मागे उभी असलेली वीस लाखांची गाडी यांना दर एकच होता, आणि टाकी मोठी म्हणून एका खेपेला सवलतही गाडीच अधिक घेऊन जात होती.

गाडी घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या काळी शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘रनिंग किती?’ हाच असे आणि त्यामागचा हिशेब सरळ होता. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल गाडी २० किलोमीटर धावते असे धरले, तर वरच्या दरांनी पेट्रोलचा खर्च किलोमीटरला जवळजवळ पाच रुपये आणि डिझेलचा दोन रुपये येई. डिझेल गाडीसाठी लाखभर रुपये जास्त मोजले तरी ते पस्तीस-छत्तीस हजार किलोमीटरमध्ये वसूल होत. यातील अधिक अ‍ॅव्हरेज हा इंजिनाचा आणि इंधनाचा खरा गुण आहे, कारण डिझेलच्या एका लिटरमध्ये ऊर्जाच जास्त असते. उरलेला फायदा मात्र सरकारी दराने दिलेला होता. त्यामुळेच २०१२-१३ च्या सुमारास नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालणाऱ्या होत्या.

या दराची किंमत कोणीतरी भरतच होते. २०१२-१३ या वर्षात डिझेलवरील ‘अंडर-रिकव्हरी’ ९२ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. काटेकोरपणे पाहता हा हिशेबवहीतला तोटा नव्हे. आंतरराष्ट्रीय भावावर आधारित किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांमधला तो फरक आहे. तरीही त्यातील बहुतांश भाग सरकारी तिजोरीने आणि ओएनजीसी, ऑइल इंडिया, गेल या सार्वजनिक कंपन्यांनी उचलला, म्हणजे अखेरीस तो आपल्या सर्वांवर पडला. पुढे पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की किरकोळ व घाऊक मिळून एकूण डिझेलपैकी सुमारे १३ टक्के शेतीला लागते आणि जवळजवळ तेवढेच खासगी मोटारी व युटिलिटी वाहने जाळतात. टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या यात नाहीत, त्या वेगळ्या. त्याच पाहणीत पेट्रोलचा ६१ टक्क्यांहून अधिक खप दुचाकींचा निघाला. कामावर दुचाकीने जाणारा मनुष्य बाजारभाव आणि त्यावरचा चढा कर भरत होता, आणि त्याच्याहून कितीतरी सुस्थितीतला मोटारमालक सवलतीत होता. या वादात मला सर्वांत जास्त सलते ती हीच गोष्ट.

याहूनही विपरीत प्रकार जानेवारी २०१३ मध्ये घडला. त्या महिन्यात किरकोळ डिझेल दरमहा साधारण ५० पैशांनी वाढवत नेण्याचे ठरले, हा निर्णय योग्यच होता. पण घाऊक खरेदीदारांना तात्काळ बाजारभाव लागू झाला आणि राज्य परिवहन महामंडळे या घाऊक खरेदीदारांतच मोडत होती. परिणाम असा झाला की पन्नास प्रवासी नेणाऱ्या एसटीला आगारातल्या टाकीतले डिझेल लिटरमागे सुमारे दहा रुपये महाग पडू लागले, तर एकट्या माणसाला नेणारी मोटार जुन्याच सवलतीत राहिली. महामंडळांवर आपल्या बस रस्त्यावरच्या सामान्य पंपांवर उभ्या करण्याची वेळ आली. सवलत गरजूंसाठी असते असे मानणाऱ्या कोणालाही हे पटण्यासारखे नव्हते.

यावरचा उपाय आधीच कागदावर आलेला होता. इंधन दरांचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या किरीट पारीख समितीने २०१० मध्येच डिझेल मोटारीवर खरेदीच्या वेळी ८० हजार रुपयांचे जादा उत्पादन शुल्क सुचवले होते. शेतकऱ्याचा दर न वाढवता मोटारमालकाकडून सवलत परत घेण्याचा हा मार्ग होता. तो स्वीकारला गेला नाही. उत्पादकांचा विरोध मोठा होता.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. कच्चे तेल कोसळत असताना सरकारने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात नऊ वेळा उत्पादन शुल्क वाढवले, आणि डिझेलवरील शुल्क ३ रुपये ५६ पैशांवरून १७ रुपये ३३ पैशांवर गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा काही पैशांनी महाग झाले. दोन्ही इंधने ८० रुपयांच्या आसपास असताना वरचाच हिशेब पुन्हा मांडला, तर डिझेल गाडीचे जादा लाख रुपये वसूल व्हायला ७५ हजार किलोमीटर लागतात. त्याच वर्षी १ एप्रिलपासून वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके आली, धुरातील काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड रोखणाऱ्या यंत्रणेमुळे डिझेल इंजिन आणखी महागले, आणि मारुतीसारख्या सर्वांत मोठ्या उत्पादकाने डिझेल मोटारी बंद केल्या. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच कर्ककारक ठरवले होते. म्हणजे ज्या महिन्यांत आपण हा धूर सर्वाधिक स्वस्त करून विकत होतो, त्याच महिन्यांत.

सवलत गेली, पण शेतकऱ्याचा प्रश्न तिच्याबरोबर सुटला नाही, कारण आता ट्रॅक्टरच्या डिझेलवरही मोटारीइतकाच कर लागतो. इंधनाचा दर सर्वांना एकच असावा आणि शेतकऱ्याला द्यायची मदत जमिनीच्या प्रमाणात, एका मर्यादेपर्यंत, थेट त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे माझे ठाम मत आहे. मोटारीवरचा कर मोटार घेतानाच वसूल करावा. सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर दहा टक्के जादा जीएसटीची कल्पना बोलून दाखवली आणि असा प्रस्ताव सध्या विचाराधीन नसल्याचे त्याच दिवशी स्पष्टही केले. प्रदूषणाच्या नावाने का होईना, ती पारीख समितीच्याच शिफारशीची दिशा होती, आणि ट्रॅक्टर व एसटी वगळून केवळ खासगी मोटारींपुरती ती मांडली गेली तर तिला माझा पूर्ण पाठिंबा असेल.