‘आले’ की ‘आलो’, मी आधी नीट ऐकलंच नव्हतं

आम्ही गाडीत होतो, मी चालवत होते, आणि माझं पंधरा वर्षांचं लेकरू खिडकीबाहेर बघत म्हणालं, "आई, मला नाही वाटत मी मुलगी आहे. म्हणजे नक्की माहीत नाही. पण कुणी मुलगी म्हटलं की काहीतरी चुकतंय असं वाटतं." यावर माझं पहिलं वाक्य काय, तर "हे कुठे वाचलंस तू?" पुढचा सगळा रस्ता कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर मी रडले, खूप रडले, आणि तेच मला पाणी आणून देत होतं, पाठीवरून हात फिरवत सॉरी सॉरी म्हणत होतं. त्या दिवशी आधार कुणाला हवा होता आणि दिला कुणी, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

याला आता दीड वर्ष होईल. ओळखीतल्या दोन आयांनी मला एकटीला गाठून विचारलं की तुम्ही घरी नेमकं कसं बोललात, म्हणून हे लिहितेय. (पोस्टभर ‘लेकरू’ आणि ‘ते’ असंच लिहिलंय, त्याला विचारूनच.)

"कुठे वाचलंस" मध्ये काय वाईट आहे असं मलाही तेव्हा वाटलं होतं. पण मुलाला त्यातून ऐकू येतं की तुझं तुला कळत नाही, दुसऱ्याचं उचलून आणलंयस. खरं सांगायचं तर या वाटण्यासाठीचा शब्द त्याला नेटवरच सापडला होता, ते स्वतःच सांगतं. पण ती घुसमट अकराव्या वर्षापासूनची होती, शरीर बदलायला लागलं तेव्हापासूनची, आणि चार वर्षं तिला नाव नव्हतं. तेव्हा मी फक्त "सांगितलंस ते बरं केलंस, अजून सांग" एवढं म्हणायला हवं होतं. हे मी तीन दिवसांनी म्हटलं, पुन्हा गाडीतच. समोरासमोर बसवून "आता बोल" म्हटलं की ते गप्प होतं, शेजारी बसून दोघं रस्त्याकडे बघत असलो की बोलतं. भांडी आवरताना, कपड्यांच्या घड्या घालताना पण बोलतं. हात कामात असले आणि डोळ्यात डोळे नसले की त्याला सोपं जातं बहुतेक.

आता भाषेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भाषेनेच शिकवलं. इंग्रजीत ‘he’ की ‘she’ हा प्रश्न दुसरं कुणी तुमच्याबद्दल बोलतं तेव्हा येतो. मराठीत स्वतःबद्दल साधं "मी आले" म्हणायचं तरी आधी आपण कोण ते ठरवावं लागतं. दिवसातून शंभर वेळा. आणि मागे वळून बघितल्यावर मला कळलं की आमचं लेकरू कितीतरी महिने ती क्रियापदं चुकवत होतं! "मी जेवले" नाही, "माझं झालं". "मी निघते" नाही, "निघायचंय मला". "मी येईन", "मी केलं" ही चालायची कारण त्यात मुलगा मुलगी कळत नाही. मी म्हणायचे की हे हल्ली इतकं तुटक का बोलतं, वयाचा परिणाम असेल, आणि ते बिचारं प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी वळवून घेत होतं, त्याला किती थकवा येत असेल याचा विचार करा.

म्हणून मी एक प्रश्न विचारला, जो मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतो: "मी तुझ्याशी कसं बोलू?" ते लगेच म्हणालं नाही की मुलासारखं बोल. म्हणालं, "अजून ठरत नाहीये, पण ‘आलीस का’ नको." मग मी "जेवलीस का" ऐवजी "जेवण झालं का" म्हणायला लागले, "कुठे गेली होतीस" ऐवजी "कुठे होतं आज बाळ", आणि ‘अगं’ च्या जागी नुसतं नाव. नाव त्याने स्वतःच छोटं करून घेतलंय, दोन अक्षरी, मुलाचंही असू शकतं मुलीचंही. चुकते मी अजूनही, रोज चुकते. आधी चुकले की पाच मिनिटं माफी मागत बसायचे, मग त्यालाच मला "असू दे गं आई" करत समजवावं लागायचं. आता शब्द सुधारते आणि वाक्य पुढे नेते.

नावाने काय एवढा फरक पडतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, २०१८ मध्ये अमेरिकेत १२९ ट्रान्स (जन्मताना ठरवलेलं लिंग आपलं वाटत नाही अशा) आणि तत्सम तरुण मुलांचा एक अभ्यास आला होता, वय १५ ते २१. घर, शाळा, काम, मित्र यातल्या जितक्या जास्त ठिकाणी त्यांनी निवडलेलं नाव वापरलं जायचं तितकं डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार कमी दिसले. अभ्यास छोटा आहे, आणि नावामुळेच तसं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण नाव वापरायला मला काहीच लागत नाही, मग का अडून बसायचं?

पहिल्या आठवड्यात मी अजून एक चूक केली, "म्हणजे तुला मुली आवडतात का?" असं विचारलं. आपण कोण आहोत (लिंगभाव) ही एक गोष्ट आणि आपल्याला कोण आवडतं (लैंगिक कल) ही वेगळी. मला हे या वयात कळलं. आणि हा आजार आहे का, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकलंय. माझ्या नवऱ्याला या एका वाक्याने जितका धीर आला तितका माझ्या तासाभराच्या बोलण्याने आला नव्हता.

पण त्याच्याकडूनही एक चूक झाली, आणि ती जास्त लागली. मन मोकळं करायला म्हणून त्याने बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. चांगल्या मनानेच. दोन दिवसांत आजीपर्यंत पोचलं, आणि लेकराने आमच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. ते लेकराचं होतं, कुणाला कधी सांगायचं ते त्याने ठरवायचं होतं. तेव्हापासून विचारतो, हे कोणाला माहीत आहे, कोणाला सांगितलं तर चालेल, शाळेत कोणत्या नावाने बोलू. आपल्यालाही बोलायला माणूस लागतंच, मला पण लागलं, पण ते काउन्सेलर किंवा ज्याच्या तोंडातून बाहेर जाणार नाही असं कुणीतरी हवं, आणि आपलं दुःख घेऊन मुलाकडे तर अजिबातच जायचं नाही.

एक दिवस धुण्यात क्रेप बँडेज मिळालं. छातीला घट्ट गुंडाळत होतं ते. मी ओरडले नाही (तोवर थोडं शिकले होते), दुखतं का विचारलं, आणि हे श्वासाला आणि बरगड्यांना धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारून सुरक्षित काहीतरी शोधू असं सांगितलं. ओरडले असते तर बँडेज फक्त जास्त आत लपलं असतं.

औषधांबद्दल, म्हणजे वयात येताना होणारे शरीरातले बदल थांबवणारे प्युबर्टी ब्लॉकर आणि हार्मोन्स यांबद्दल, मला सल्ला द्यायचा नाहीये. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना अशा उपचारांच्या बाजूने आहे, आणि इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने म्हटलं की १८ च्या आतल्या मुलांसाठी प्युबर्टी ब्लॉकर आणि हार्मोन्सचे पुरावे कमकुवत आहेत. ते डॉक्टरांशी सावकाश, मुलाला सोबत बसवून बोलायचं. ऐकून घेण्याला मात्र कुठलं प्रिस्क्रिप्शन लागत नाही. उद्या ते म्हणालं की नाही, मी मुलगीच आहे, तरी चालेल, आणि तसं नाही म्हणालं तरी चालेल. "हे जाईल गं काही दिवसांनी" हे वाक्य मात्र मी दोन्हीकडे बोलणार नाही, कारण त्यातून ‘तू हे सोडशील याची मी वाट बघतेय’ एवढंच पोचतं.

अजून एक, हे घाबरत घाबरत केलं पण करायलाच हवं. मूल खूप गप्प असेल, झोप उडाली असेल, आवडीचं सगळं सोडलं असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का कधी?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आमच्याकडे उत्तर आलं, "आधी वाटायचं." मी तिथेच खाली फरशीवर त्याच्याजवळ बसले, काही बोलले नाही बराच वेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांची वेळ घेतली.

सध्या क्रियापदांचं असं आहे की घरात कधी "आलो" ऐकू येतं, कधी परत "माझं झालं", आणि मागच्या आठवड्यात एकदा "दमले बाई" पण ऐकलं. मी मान वर करून बघितलंही नाही. ही पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचायला दिली, तर दोन परिच्छेद काढ म्हणालं. ते काढलेत.