तुम्ही विचारलंत म्हणून: "हे आफ्रिकेतलं हॅरी पॉटर काय?"

घरी कुणी आलं की बाहेरच्या खोलीतल्या कपाटापाशी थबकतं. मधल्या फळीवर जाडजूड पुस्तकं आहेत. एकाच्या मुखपृष्ठावर पांढरेशुभ्र केस असलेल्या काळ्या मुलीचा चेहरा, थेट तुमच्याकडे बघणारा. "लेकीची का?" असं विचारतात. मी म्हणते, "नाही, माझी." मग माझ्या पिकल्या केसांकडे एक नजर जाते आणि पुढचा प्रश्न येतो, "वहिनी, हे आफ्रिकेतलं हॅरी पॉटर काय?"

दरवेळी मी "तसंच काहीतरी" म्हणून चहा ठेवायला उठते. पण परवा शेजारच्या काकांनी तिसऱ्यांदा विचारलं, म्हणून आता एकदाच सविस्तर सांगून टाकते.

आम्ही 2014 ते 2019 लेगॉसला होतो. नायजेरियातलं लेगॉस. यजमान प्लास्टिकच्या कारखान्यात होते. तिथल्या पहिल्या दसऱ्याला मी गाडीची पूजा केली. झेंडू कुठे मिळेना, म्हणून कुंपणावरची बोगनवेल ओवली. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. ड्रायव्हर हात मागे बांधून सगळं बघत उभा होता. आरती झाल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हे ओगुनसाठी?"

मी विचारलं, ओगुन कोण? त्यानं बॉनेटवर बोटानं टकटक केलं. "लोखंडाचा मालक."

ओगुन हा योरुबा लोकांचा देव. योरुबा ही नायजेरियातली एक मोठी जमात, आणि त्यांची भाषाही योरुबाच. लोहार, शिकारी, ड्रायव्हर, ज्याच्या हाताला लोखंड लागतं त्या सगळ्यांचा. त्याला मानणारा माणूस कोर्टात बायबल-कुराणाऐवजी लोखंडावर शपथ घेतो. 1986 साली नोबेल मिळालेले नायजेरियन लेखक वोले सोयिंका ओगुनला आपलं आराध्य मानतात. म्हणजे खंडेनवमीला शस्त्रं पुजणाऱ्या कोल्हापूरच्या बाईला त्या ड्रायव्हरनं बरोबर ओळखलं होतं. मीच त्याला ओळखलं नव्हतं.

दुसरी गुरू आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी मावशी. तिला जुळी मुलं, टायवो आणि केहिंदे. योरुबांत जुळ्यांना बहुतेक हीच नावं देतात, आणि त्यांच्यात जुळी होतातही फार. टायवो आधी जन्मतो, पण धाकटा मानतात. का, तर थोरल्यानं त्याला पुढे धाडलेलं असतं: जा, जग कसं आहे ते चाखून ये. त्यानं बाहेर जाऊन टाहो फोडला की मग थोरला सावकाश बाहेर येतो. मावशी हे सांगताना कांदा चिरायची थांबली होती.

2018च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं लेकीसाठी एक पुस्तक आणलं, टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन'. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं, तिकडे पोरं अक्षरशः वेडी झालेली. लेक चौदाची होती, तीन दिवसांत संपवलं. मग मी घेतलं, दोन दिवसांत. (भात करपला. ते असो.)

गोष्ट अशी: एका राज्यातली जादू राजानं एका रात्रीत संपवली आणि जादू जाणणाऱ्यांना मारून टाकलं. मागे राहिली त्यांची पांढऱ्या केसांची मुलं. त्यांच्यावर वाढीव कर आणि उठताबसता शिवी. झेली ही त्यातली एक, तिची आई तिच्या डोळ्यांदेखत गेलेली. जादू परत आणायची कामगिरी तिच्या गळ्यात पडते. जादूवाल्यांची दहा कुळं, प्रत्येक कुळाचा आपला देव, आणि मंत्र चक्क योरुबात. वाचक ते मंत्र पाठ करतात, डोक्यावर पांढरे विग चढवतात, आपण कुठल्या कुळातले यावर भांडतात. आमची लेक वाऱ्याच्या कुळातली म्हणे. मी मृतात्म्यांच्या, झेलीच्याच. आमचे यजमान कुठल्याच नाहीत, त्यांनी पुस्तक उघडलेलं नाही.

दोष आहेत, ते मी लपवत नाही. देशाचं नाव 'ओरिशा'. ओरिशा म्हणजे योरुबात दैवत. म्हणजे देशाचं नाव 'देवता' ठेवल्यासारखं. आणि झेलीचं गाव इलोरिन, समुद्रात तरंगणारं कोळ्यांचं गाव! खरं इलोरिन समुद्रापासून पार आत आहे. सोलापूरला बंदर दिलं तर तुम्हाला कसं वाटेल? 'इबेजी' या शब्दाचा अर्थ जुळी, ते इथे वाळवंटातलं शहर. ड्रायव्हरला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

पण मावशी हसली नाही. ओट्यावरचं पुस्तक तिनं पाहिलं, कोरड्या हातानं पालथं घातलं आणि म्हणाली, "मॅडम, हे जुजू आहे. मुलीला देऊ नका." जुजू म्हणजे जादूटोणा. दर रविवारी चार-चार तास चर्चमध्ये बसणारी बाई. जुळ्यांची कहाणी आजीची म्हणून तिला गोड लागत होती, आणि त्याच आजीचे देव पुस्तकात आले तर सैतान.

ही गाठ कुठे बसली ते मला नंतर कळलं. सॅम्युएल अजायी क्रॉथर हा योरुबा मुलगा 1821 साली गुलाम म्हणून पकडला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमारानं त्याला जहाजावरून सोडवलं. तो शिकला आणि 1864 साली अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. योरुबा बायबलमागे मुख्य हात त्याचा. त्यात 'सैतान' या शब्दासाठी वापरलं गेलं एशू हे नाव. एशू म्हणजे चौरस्त्याचा देव, निरोप्या, खोडकर, मान दिला नाही तर वाट चुकवणारा. वेशीवरच्या म्हसोबाला उचलून नरकाचा राजा केलं, असं समजा. तेव्हापासून कितीतरी योरुबा घरांत देव बाहेर आणि नावं तेवढी आत.

आता गंमत बघा. अडेयेमीचे आईवडील नायजेरियाचे, पण ती वाढली अमेरिकेत. हार्वर्डला शिकली, मग शिष्यवृत्तीवर ब्राझीलला गेली, साल्वादोरला. तिथल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात तिला पहिल्यांदा ओरिशांची चित्रं दिसली. स्वतःच्या आजोळचे देव, समुद्रापलीकडच्या दुकानात! गुलामांच्या जहाजांतून ते ब्राझीलला पोचले, तिथे कॅथलिक संतांच्या आडोशानं टिकले. आजही 2 फेब्रुवारीला साल्वादोरची माणसं इमांजासाठी, म्हणजे योरुबांच्या येमोजा देवीसाठी, समुद्रात फुलं सोडतात. आपले देव घरात नाही सापडले, दुकानात सापडले, यावर मला रडू येतं की राग येतो हे अजून ठरलेलं नाही. पण या पुस्तकांवर अमेरिकेतली काळी पोरं जीव का टाकतात, ते मला या दुकानापाशी कळलं. पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात तिनं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या काळ्या माणसांबद्दल लिहिलंय. ते वाचून परत पहिलं पान उघडलं की पांढऱ्या केसांचा अर्थ बदलतो.

मी तर बाहेरची. मला काय लागून राहिलं? त्याचं उत्तर ओशोग्बोला.

त्याच ऑगस्टमध्ये आम्ही तिथे गेलो, ओशुन देवीच्या उत्सवाला. नदीकाठची देवराई, 2005पासून जागतिक वारसा यादीत. आत सिमेंटच्या आणि मातीच्या अजस्र मूर्ती आहेत, त्यांतल्या कितीतरी सुझान वेंगर या ऑस्ट्रियन बाईच्या हातच्या. ती 1950 साली नायजेरियात आली आणि ओरिशांची पुजारीण होऊन तिथेच राहिली. 2009 साली ओशोग्बोलाच गेली. मी मूर्तींचे फोटो काढत होते, तेवढ्यात गर्दीत लाट उठली. अरुग्बा आली. अरुग्बा म्हणजे वाहून नेणारी कुमारिका, डोक्यावर देवीचा झाकलेला भोपळा. तिनं ठेचकाळायचं नाही, सगळ्या गावाचा जीव तिच्या पावलांत. भोवती ढोल, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, प्रत्येकजण पुटपुटत आपलं गाऱ्हाणं तिच्या दिशेनं फेकतोय. एक बाई कडेवरच्या तान्ह्याचं डोकं पुढे करत होती. सौंदत्तीच्या वाटेवर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेऊन जाणारी जोगतीण लहानपणी पाहिलेली, तशीच मान ताठ. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि मला पुढे जायला जागा करून दिली. नदीवर लोक प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून घेत होते, घरी न्यायला.

म्हणून काका, हॅरी पॉटर नव्हे. हॅरीच्या शाळेपुढे कुणी नवस बोलत नाही. ग्रीक देवांवर पोरांची पुस्तकं निघतात, पण झ्यूसच्या दारात आज रांग नाही. इथे रांग आहे. याला 'मायथॉलॉजी' म्हटलं की मला जरा खटकतं. जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेल्या माणसाला "तुमचं मिथक छान आहे हं" म्हणून बघा.

याचा अर्थ देवांवर गोष्टी रचू नयेत असा नाही. रचाव्यात, धिटाईनं रचाव्यात, आणि इलोरिनला समुद्र दिला तर माझ्यासारख्यांनी कुरकुरावं. वाचकांची भांडणंही मला म्हणूनच आवडतात. पुस्तकावर सिनेमा होतोय, जानेवारी 2027मध्ये येणार असं जाहीर झालंय. झेलीची भूमिका दक्षिण आफ्रिकेच्या थुसो म्बेडूकडे गेली, तर नायजेरियन वाचक उसळले: आमची भाषा, आमचे देव आणि नटमंडळीत आम्हीच कमी? कुणी म्हणालं, पोरखेळ आहे. मला नाही वाटत. कोल्हापूरची गोष्ट म्हणून पुणेरी सुरात 'चांगभलं' ऐकवलं तर आपण थिएटरात गप्प बसू काय?

आता खरं सांगते, माझं सगळ्यात लाडकं पुस्तक ते नाहीच. ते बारीक अंगाचं, न्नेडी ओकोराफोरचं 2011चं 'अकाटा विच'. नायजेरियात ते वेगळ्या नावानं निघालं, 'व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स'. सनी बारा वर्षांची, जन्म न्यूयॉर्कचा, आता राहायला नायजेरियातल्या आबा शहरात. इग्बो (नायजेरियातली आणखी एक मोठी जमात) घरातली, पण कोड असल्यासारखी जन्मतःच पांढरी. फुटबॉलचं वेड, पण ऊन सोसत नाही म्हणून दिवसा खेळता येत नाही. तिला कळतं की आपण बिबट्यांच्या जमातीतले, म्हणजे जादू येणारे. आणि या जमातीत ज्याला जग व्यंग म्हणतं तिथेच ताकद असते. तिचा मित्र ओर्लू, अक्षरं नीट लागत नाहीत त्याला, तर तो दुसऱ्याची जादू उलगडून निकामी करतो. काही नवीन शिकलं की वरून नाणी पडतात, खणखण. पैसे मिळवायचा हाच रस्ता. हे लेकीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं गणिताची वही छताकडे धरून दाखवली, म्हणाली, "बघ, काही पडत नाही."

तेव्हा वाचायचं असेल तर सनीपासून सुरू करा, मग झेली. फक्त माझी प्रत मागू नका. झेलीच्या दोन प्रती आधीच गेल्यात. एक परत आली नाही, आणि दुसरी आली तेव्हा काकूंनी तिला मासिकाच्या पानाचं कव्हर घातलं होतं, मुखपृष्ठावरच्या मुलीचे डोळे रात्री बघवत नाहीत म्हणून.