आंबोलीतले कुजके ओंडके आणि 'अर्ध्या तासावर' ही थाप

आंबोलीला एका किड्याच्या शोधात गेलो होतो, पण आधी पैशाचं सांगतो. स्टँडवरून जीप करणार असाल तर भाव परतीचा धरून ठरवा. आम्हाला जाताना ७०० सांगितले आणि संध्याकाळी धो धो पावसात कुडकुडत उभे आहोत बघून येतानाचे १६०० झाले. ७ किलोमीटरला! अजून डोकं फिरतं.

गेलो होतो प्रायोकायरससाठी, म्हणजे मेलेल्या झाडाच्या सालीखाली राहणारा रोव्ह बीटल (भुंगेऱ्यांचं एक घराणं). रान ओळखीतल्या एकाच्या मालकीचं, रीतसर विचारून गेलो (वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय एक किडाही उचलू नका). ते म्हणाले ओढा ओलांडा, अर्ध्या तासावर दोन मोठी झाडं पडलीत. तो अर्धा तास त्यांचा, आम्हाला अडीच तास लागले. ओढ्यानंतरचा चढ म्हणजे नुसता लाल चिखल, एक पाऊल वर आणि दोन खाली, आणि जुलैतल्या जळवा, त्यांच्यासाठी पायांना मीठ लावून जाल तर पाच मिनिटांत धुऊन जातं. जळवांचे मोजे नसतील तर जाऊच नका.

आणि एवढं करून पहिलं झाड ताजं पडलेलं, साल सिमेंटने चिकटवल्यासारखी. दुसऱ्याचा पार भुगा, हात घातला तर गांडुळं. दोन्ही बाद. मधल्या अवस्थेतलं लाकूड हवं, हे मला तिथे चिखलात बसून कळलं.

किडा मिळाला तो ओढ्याच्या अलीकडे, जाताना ज्यावर बसून बूट झटकले त्याच ओंडक्यात! पटाशी घातली तर साल पापुद्र्यासारखी सुटली, खाली काळपट ओला थर आणि त्यात हे साहेब. काळा कुळकुळीत, चपटा, डोक्याच्या पुढच्या कडेला शिंगांसारखे दात. पंखांची झाकणं इतकी आखूड की जवळजवळ अख्खं पोट उघडं, आणि त्या टीचभर झाकणाखाली उडायचे पंख घडी घालून ठेवलेले. बघून झाल्यावर साल परत जागेवर दाबून ठेवा, सगळं घर उघडं टाकून येऊ नका.

फोटोवरून जात ओळखून द्या म्हणणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, नाही होत. दातांवरून प्रायोकायरसपर्यंत पोचता येतं, पुढे नराचं जननेंद्रिय काढून मायक्रोस्कोपखाली बघावंच लागतं. कॅमेरॉनचे फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेतले या घराण्यावरचे खंड (१९३० ते ३९) सुरुवातीला घ्या, पण नुसत्या त्यावर भागत नाही, नवे पेपर काढा. आणि नवी जात वाटलीच तर आधी जुने टाइप नमुने (ज्यांवरून जातीला पहिल्यांदा नाव दिलं ते मूळ किडे) ताडून बघा, मग नाव. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचे नमुने सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करावे लागतात, घरच्या डबीत ठेवून चालत नाही. चिरफाडीचे किडे ७० टक्के अल्कोहोलात, डीएनएसाठी एखादा ९५ च्या वर.

रात्री खोलीतल्या दिव्यावर नारिंगी-काळे बारीक किडे येतील, तेही याच घराण्यातले, पिडेरस. अंगावर बसला तर फुंकर मारा, चिरडू नका, त्यातल्या पिडेरिन नावाच्या विषाने भाजल्यासारखे फोड येतात. माझ्या मित्राने मानेवर चिरडलाच.

दुसरा दिवस निवांत गेला, सांगण्यासारखं काही नाही. ११ किडे आणले, घरी पोटं उघडली तर नर तीनच. म्हणजे परत जाणं आलं, पण आता ऑक्टोबरात, आणि ओढा ओलांडणार नाही.